अकराव्या विहिरीत उतरण्याआधी

ईश्वराच्या नावाने सुरुवात करतो.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या अनारदेहचे गावप्रमुख माननीय नुसरत कामरानी साहेब. पावसाने रस्ता वाहून गेलेला असतानाही यझ्दहून खास आलेल्या पाणीखात्याच्या इंजिनियर शायगान खानुम. माझ्याआधी इतकं रसाळ बोलून माझी पंचाईत करून ठेवलेले आपले मुख्याध्यापक आगा वुसूकी. आजचे सत्कारमूर्ती, आता कामातून निवृत्त होणारे माझे गुरू, उस्ता सफर. व्यासपीठावर खुर्ची ठेवलेली असूनही खाली बायकांत जाऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी तूबा खानुम. आणि समोर बसलेल्या, दाराशी उभ्या असलेल्या, खिडकीतून डोकावणाऱ्या माझ्या सर्व बंधू-भगिनींनो, सलाम.

मला भाषणाची सवय नाही. मला न बोलण्याची सवय आहे. कामरानी साहेब म्हणाले, ‘‘यदुल्लाह, तू उस्तांबरोबर सगळ्यात जास्त वर्षं काढलीस, तू बोलायचंस.’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, आम्ही बरोबर काढली खरी, पण ते खाली होते आणि मी वर.’’ ते हसले. आता तुम्हीही हसलात. बरं झालं, जरा धीर आला.

पाहुण्यांसाठी एवढं सांगायला हवं की मी रहाटवाला आहे. आपली कारेझ, म्हणजे डोंगराच्या पोटातून गावापर्यंत पाणी आणणारं आपलं भुयार, ते दोन फर्सख, म्हणजे बारा-एक किलोमीटर, लांब आहे आणि त्यावर एकामागोमाग एक विहिरी आहेत. विहिरीच्या तोंडावर रहाट असतो. रहाटाचा दोर कमरेला बांधून मुकन्नी खाली उतरतो, भुयारात साचलेला गाळ खरवडतो, ढासळलेलं छत सावरतो, बादली भरतो आणि दोराला हिसका देतो. वर बसलेला माणूस बादली ओढतो. तो वरचा माणूस मी. एक्केचाळीस वर्षं मी एका भोकाच्या काठावर बसलो आहे आणि दोराकडे बघतो आहे. लोक मला विचारतात, हे काय आयुष्य झालं? मीही कधीकधी विचारतो.

तर निसर्ग. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, ‘निसर्ग आणि मानवी जीवन : उस्ता सफर यांच्या कार्याच्या निमित्ताने’. आगा वुसूकींनी फार छान सांगितलं. निसर्ग ही आई आहे, ती देते, आपण घेतो, यंदा उर्दीबहिश्तात, ऐन वसंतात, पाच दिवस पाऊस पडला तो आईला फुटलेला पान्हा आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अगदी खरं सांगतो, आलं. पण आगा, तुमची क्षमा मागून एक बोलू का? आईला आपल्या लेकराचं नाव ठाऊक असतं. त्या समोरच्या डोंगराला माझं नाव ठाऊक नाही. उस्ता सफरचंही नाही. साठ वर्षं हा माणूस त्याच्या पोटात रांगला, त्याच्या नसा साफ केल्या, आणि डोंगराला पत्ता नाही. तो आपल्यावर रागावत नाही, आपल्यावर माया करत नाही. आपण त्याला आई म्हणतो ते बहुधा आपल्याला रात्री झोप लागावी म्हणून म्हणतो. म्हणावं. मीही म्हणतो. पण विहिरीच्या काठावर म्हणत नाही.

काल मी इंजिनियरबाईंना विचारलं की आज आपण जे पाणी प्यायलो ते डोंगरावर कधी पडलं असेल. त्या म्हणाल्या, नक्की सांगता येणार नाही, पण तीसेक वर्षं सहज. ऐकलंत? म्हणजे या पेल्यातलं पाणी बर्फ होऊन पडलं तेव्हा माझा फरशीद नुकता चालायला लागला होता. ते तेव्हापासून अंधारातून येतंय. घाई नाही, कुणाच्या समारंभाशी त्याचा संबंध नाही. आणि आपण मात्र पत्रिकेवर वेळ छापतो, साडेअकरा.

फरशीद हा माझा मुलगा. तो बघा दाराशी उभा आहे, पांढऱ्या कपड्यांत. बत्तीस वर्षांचा आहे. मेबुदला टाइल्सच्या कारखान्यात होता, तीन वर्षांपूर्वी परत आला आणि उस्तांच्या हाताखाली शिकला. माझं भाषण झालं की पत्रिकेप्रमाणे आपण सगळे अकराव्या विहिरीवर जाणार आहोत. तिथे कामरानी साहेबांनी मांडव घातलाय, गालिचे टाकलेत. तिथे उस्ता आपल्या हाताने दोर फरशीदच्या कमरेला बांधणार, पाहुण्यांच्या साक्षीने फरशीद पहिल्यांदा एकटा, नवा उस्ता म्हणून, खाली उतरणार आणि रहाटावर मी बसणार. मग चहा आणि कुत्ताब. कुत्ताब तूबा खानुमनी स्वतः तळलेत, तेव्हा ते चुकवू नका.

पांढरे कपडे कशासाठी, असं काल बाईंनी विचारलं होतं. आम्ही सांगितलं, अंधारात दिसावं म्हणून. ते खरंच आहे. दुसरंही एक कारण आहे, ते आपल्या गावात सगळ्यांना माहीत आहे आणि मला आज ते तोंडाने उच्चारायचं नाही.

असो. उस्तांबद्दल बोलतो. सत्कार त्यांचा आहे.

उस्ता सफर म्हणजे कसा माणूस? घरी विचाराल तर तूबा खानुम सांगतील, चहात चार खडे साखर लागते आणि चार शब्द बोलायला चार तास लागतात. पण मी सांगतो, उस्ता सफर हा मला भेटलेला सगळ्यात भित्रा माणूस आहे. नाही, नाही, कुजबुजू नका, उस्ता बघा हसतायत. मी त्यांचा अपमान करत नाहीये. आमची सकाळ कशी असायची ती ऐका. सूर्य हातभर वर आलेला असायचा. उस्ता विहिरीच्या काठावर पोटावर पालथे पडायचे, तोंड आत घालायचे आणि वास घ्यायचे. मग खिशातून एक खडा काढून टाकायचे आणि कान द्यायचे. मग एरंडेलाचा दिवा दोराला बांधून खाली सोडायचे, ज्योत बघायची. मग उठून बसायचे आणि काहीच करायचे नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून नुसते बसायचे. मी सुरुवातीला विचारायचो, ‘‘उस्ता, आता काय तपासताय?’’ ते म्हणायचे, ‘‘स्वतःला.’’

आणि कधीकधी, वर्षातून चारपाच वेळा, ते म्हणायचे, ‘‘यदुल्लाह, आज मन उतरत नाही.’’

एवढंच. मग आम्ही दोर गुंडाळायचो, चहा करायचो आणि घरी यायचो. इंजिनियरबाई, आमच्याकडे मुकन्नीने हे चार शब्द म्हटले की कुणी ‘का’ विचारत नाही. गावप्रमुख विचारत नाही, ज्याची बाग सुकतेय तो विचारत नाही, बायको विचारत नाही. गावात लग्न असो, मयत असो, पाणी बंद असो. माझ्या आज्याच्या वेळेपासून नाही विचारत. तुम्ही म्हणाल हा अडाणीपणा आहे. मीही तरुण होतो तेव्हा तसंच म्हणायचो. म्हटलं, हवा चांगली आहे, दिवा जळतोय, खडा पाण्यात पडल्याचा आवाज आला, मग मन कसलं आलंय मधेच? मन काय रहाटाला बांधायचं असतं का?

मला हे कळायला फार वर्षं लागली, म्हणून सावकाश सांगतो. माणसाच्या आत काहीतरी असतं जे डोळ्यांच्या आधी बघतं. मातीचा वास कालच्यापेक्षा एक केसभर वेगळा असतो. खडा पडल्यावर घुमणारा आवाज जरा लवकर थांबतो. कुठेतरी ठिबकायचं ते आज ठिबकत नसतं. हे डोक्याला कळत नाही, पोटाला कळतं. आगा वुसूकी, तुम्ही विचारलंत ना, निसर्गाने माणसाला काय दिलं? पाणी दिलं, डाळिंबं दिली, सावली दिली. पण त्या सगळ्याच्या आधी भीती दिली. डोंगर आपल्याशी बोलत नाही म्हणतात. बोलतो. आपल्या भीतीतून बोलतो, आणि त्याला दुसरी भाषा येत नाही. आता अशा माणसाला तुम्ही ‘का’ विचारलंत की तो कारण शोधायला लागतो. कारण तर सापडणारच नाही, ते डोक्यात नाहीच. सापडलं नाही की त्याला लाज वाटते. आणि लाजलेला माणूस दोर बांधतो आणि उतरतो. आमच्या म्हाताऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी तो प्रश्नच बंद केला होता.

कामरानी साहेबांची चिठ्ठी आली आहे. ‘आवरतं घ्या, पाहुण्यांना विहिरीवर जायचं आहे.’ हो साहेब. घेतो. दोनच गोष्टी राहिल्या आहेत. पाणी प्यायलो तर चालेल ना?

एकोणीस वर्षांपूर्वीची सातव्या विहिरीची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. उस्तांचा धाकटा भाऊ बहराम त्यात गेला. सव्वीस वर्षांचा होता. तूबा खानुम या घरात नवरी म्हणून आल्या तेव्हा तो चार वर्षांचा होता, आई नव्हती, यांनीच त्याला वाढवला. त्याच्या नावाने दर वर्षी आपण नजर, म्हणजे नवसाचं अन्न, वाटतो. उस्तांच्या डाव्या हाताची तीन बोटं त्याच दिवशी गेली. हे सगळं माहीत आहे. त्या दिवशी सकाळी काठावर काय झालं, ते माहीत नाही. तिथे उस्ता होते, बहराम होता, मी होतो आणि माती वाहणारे दोघे होते. ते दोघेही आता नाहीत. उस्तांनी कुणाला सांगितलं नाही. म्हणजे ते एकट्या माझ्याकडे राहिलं आहे.

मला खुर्ची नको. उभाच राहतो.

त्या वर्षी भुयारात कुठेतरी छत बसलं होतं आणि पाणी दहा दिवस बंद होतं. डाळिंबाची पानं हातात चुरली जायची. गाव आमच्याकडे बघत होतं. त्या सकाळी उस्ता पालथे पडले, वास घेतला, खडा टाकला, दिवा सोडला. सगळं ठीक. मग बसले. बराच वेळ बसले. बहराम कमरेला फडकं बांधून तयार उभा होता, शीळ घालत होता. उस्ता म्हणाले, ‘‘यदुल्लाह, आज मन उतरत नाही.’’

आणि मी म्हणालो, ‘‘का?’’

मी म्हणालो. जिभेवरून गेलं. पण तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. ते माझ्याकडे बघत राहिले, कारण इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं आता वातावरण हलकं करावं. मी म्हटलं, ‘‘काय उस्ता, तूबा खानुमनी स्वप्नात येऊन दम दिला का?’’ माती वाहणारे दोघे खो खो हसले. बहराम हसला, म्हणाला, ‘‘दादा, तू बस वर, वहिनीला घाबर. मी उतरतो.’’ आणि मग उस्ताही हसले. ते हसणं मला अजून दिसतं. मनापासून हसणारा माणूस आधी डोळ्यांनी हसतो. उस्तांचे फक्त दात दिसले. त्यांनी दोर घेतला आणि बांधला, कारण धाकट्याला एकटं कसं सोडणार?

दोघेही उतरले. एक बादली वर आली. दुसरी आली. तिसरी अर्ध्यावर होती तेव्हा मी एक आवाज ऐकला. फार मोठा नव्हता. कुणीतरी धान्याचं पोतं जमिनीवर ठेवावं तसा. मग विहिरीच्या तोंडातून धूळ वर आली, हळू, आणि माझ्या हातातला दोर हलका झाला. बंधूंनो, मी तुम्हाला दोराचं वजन सांगू शकतो. ओल्या मातीचं, कोरड्या मातीचं, माणसाचं. रिकाम्या दोराला जे वजन असतं ते कुणाला उचलायला लागू नये.

उस्तांना दुपारच्या नमाजाच्या सुमाराला आठव्या विहिरीतून काढलं. बहरामला दुसऱ्या दिवशी.

तूबा खानुम, तुम्ही डोक्यावरची चादर तोंडावर ओढून घेतली आहे, मला दिसतंय. एकोणीस वर्षं मी तुमच्या घरी जेवलो. दर ईदेला तुम्ही माझ्या पानात जास्तीचं मांस वाढलंत आणि म्हणालात, ‘‘खा, यदुल्लाह, तू माझ्या माणसाचा दोर सोडला नाहीस.’’ मी खाल्लं. तुमचा बहराम डोंगराने मारला असं सगळे म्हणतात. डोंगराने काहीच केलं नाही. डोंगर तर सांगत होता. त्याच्यापुढे माझी थट्टा मोठी ठरली.

आणि या माणसाने काय केलं? हे सत्कारमूर्ती बसलेत ते. बोटांच्या जखमा भरल्यावर ते पुन्हा विहिरीवर आले. मला वाटलं आता रहाटावर दुसरा कुणी बसवतील. त्यांनी दोराचं टोक माझ्या हातात दिलं, खाली उतरले आणि त्यानंतर एकोणीस वर्षांत एका शब्दाने मला काही म्हणाले नाहीत. मी त्यांना एकदा विचारलं होतं, ‘‘उस्ता, तुम्ही माझ्यावर भरवसा कसा ठेवता?’’ ते म्हणाले, ‘‘आता तू घाबरतोस.’’

दुसरी चिठ्ठी आली. साहेब, मी वाचली. मांडवात ऊन येईल, बरोबर आहे. मुलं कंटाळली आहेत, तेही दिसतंय. आणि साहेब, तुम्हाला वाटत असेल हा म्हातारा माइक मिळाला म्हणून सोडत नाही. तसं नाहीये. मी मुद्दाम लांबवतोय. गेली वीस मिनिटं मी मुद्दाम लांबवतोय, कारण मी बोलतोय तोवर फरशीद त्या दाराशी उभा आहे. माझं बोलणं संपलं की तो विहिरीवर जाणार. मला घाम फुटलाय तो त्याचा आहे. भाषणाची भीती एवढी नसते.

आता सांगून टाकतो. नाहीतर परत राहून जाईल.

आज सकाळी न्याहारीला आम्ही दोघेच होतो. रोटी, पनीर, अक्रोड. तो पांढरे कपडे घालून आला. मी म्हटलं, अरे, चहा सांडेल, नंतर घाल. तो बसला. चहा घेतला, खाली ठेवला. परत उचलला, परत ठेवला. मग म्हणाला, ‘‘बाबा, आज मन उतरत नाही.’’

आणि मी काय म्हणालो असेन? अख्ख्या अनारदेहमध्ये ज्या एका माणसाने तो शब्द पुन्हा तोंडातून काढायला नको होता, तो मी. मी म्हणालो, ‘‘का?’’

आणि थांबलो नाही. मी म्हणालो, ‘‘आज? उस्तांच्या सत्काराच्या दिवशी? पत्रिका छापल्यात. इंजिनियरबाई एवढ्या लांबून आल्यात, त्यांचं यंत्र सांगतंय हवा उत्तम आहे. साहेबांनी मांडव घातलाय. लोक म्हणतील, यदुल्लाहचा मुलगा पहिल्याच दिवशी घाबरला. मी तोंड कुठे लपवू?’’ तो कारण शोधायला लागला. मला दिसत होतं, तो शोधत होता. म्हणाला, ‘‘पाऊस झालाय ना, बाबा... तसं काही नाही पण... म्हणजे काल खाली दिवा सोडला तेव्हा...’’ आणि मग सापडलं नाही. मग तो हसला. म्हणाला, ‘‘काही नाही, असंच. पहिला दिवस आहे ना.’’ आणि उठून त्याने डोक्याला पांढरं फडकं बांधलं.

ते हसणं मी ओळखतो. मी ते एकदा पाहिलेलं आहे. तरी मी त्याच्या मागोमाग चालत इथपर्यंत आलो, व्यासपीठावर बसलो, सत्काराला टाळ्या वाजवल्या, वुसूकींच्या भाषणाला रडलो. माझ्या पायांनी चालत आलो. एवढा मी पत्रिकेला घाबरलो. डोंगराला घाबरायचं सोडून कागदाला घाबरलो, आणि तुमच्या हसण्याला घाबरलो. आज निसर्गाचं मानवी जीवनातलं स्थान असा विषय आहे म्हणून सांगतो, माझ्या अनुभवात ते स्थान हे असं आहे. आपण त्याच्यापेक्षा एकमेकांना जास्त घाबरतो.

कदाचित अकरावी विहीर आज अगदी शांत असेल. कदाचित तो उतरेल, गाळ काढेल, वर येईल आणि तुम्ही टाळ्या वाजवाल. बहुतेक तसंच होईल. पुढच्या आठवड्यात दुसरा कुणी उतरेल, त्यालाही काही होणार नाही आणि तुम्ही म्हणाल यदुल्लाहने उगाच तमाशा केला. म्हणा. मला आता ते ऐकायला आवडेल. मला ते रोज ऐकायला आवडेल.

फरशीद. अरे इकडे बघ, पायाकडे बघू नको. मी सकाळी जो प्रश्न विचारला तो मी मागे घेतो. या सगळ्यांसमोर, उस्तांसमोर मागे घेतो. तो मी विचारायलाच नको होता. हे ठरवायचा हक्क उतरणाऱ्याचा आहे, दोर ओढणाऱ्याचा नाही आणि पत्रिका छापणाऱ्याचा तर नाहीच. आता तू सांग. उतरायचं असेल तर मी रहाटावर बसेन. नसेल उतरायचं तर इथे कुणी तोंड उघडणार नाही. बोल, पोरा.

मोठ्याने बोल. मागच्या रांगेला ऐकू जाऊ दे.

ऐकलंत? ‘‘उतरत नाही,’’ म्हणतोय तो.

झालं. एवढंच. कामरानी साहेब, तुम्ही काही म्हणायच्या आत बघा, तूबा खानुम उभ्या राहिल्या आहेत. बोला, खानुम. मला काय म्हणायचं ते म्हणा, इथेच म्हणा.

शांत व्हा जरा, त्यांना बोलू द्या.

त्या म्हणतायत, ‘‘तुझं माझं नंतर बघू, यदुल्लाह. आधी पोराच्या अंगावरचे ते कपडे उतरव.’’

हो, खानुम. फरशीद, त्या बाजूच्या खोलीत माझा कोट आहे, तो घाल. जा. आणि उस्ता, तुम्ही बसा ना, तुम्ही कशाला उठलात? ...बरं. उस्ता त्याच्याबरोबर जातायत. फडकं उस्ता सोडतायत त्याच्या डोक्याचं. सोडा. मला इथून दिसतंय, त्या दोन बोटांनी गाठ सुटत नाहीये, पण त्याला स्वतःला सोडू देत नाहीयेत.

मला आता शेवट करायला हवा. तर, अध्यक्ष महोदय, आपण मला बोलायची संधी दिलीत आणि ती मी कशासाठी वापरली हे दिसत असूनही माइक बंद केला नाहीत, त्याबद्दल आपले आभार. शायगान खानुम, तुमच्या यंत्राबद्दल मला आदर आहे. पुढे कधी फरशीदचं मन उतरेल त्या दिवशी ते यंत्र आधी खाली सोडू, तेव्हा जरूर या. आगा वुसूकी, तुमच्या भाषणाला मी आडवं बोललो, माफ करा, भाषण खरंच सुंदर होतं. आज मांडवात कुणी जाणार नाही. कुत्ताब गरम आहेत, चहा इथेच मिळेल. उस्ता सफर, तुमचा निरोप समारंभ मी खराब केला. तुम्ही नेहमीप्रमाणे काही म्हणणार नाही, ते मला ठाऊक आहे. पण एकदा तरी मला शिव्या घाला, मला बरं वाटेल.

बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला दुखावलं असेल, मोठमोठ्या शब्दांत अडखळलो असेन, तर ते सगळं आपण मोठ्या मनाने पोटात घाला. सातव्या विहिरीचं मात्र पोटात घालू नका. ती क्षमा तुमच्याकडे मागायची नाहीच. तूबा खानुम, उद्या सकाळी मी तुमच्या दारात येईन. हात रिकामे असतील, सांगायला आज सांगितलं त्यापेक्षा जास्त काही नसेल. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी बाहेर उभा असेन.